कापलेली पानं, ओरबाडलेली पानं

त्या प्रकरणाची केस डायरी मीच लिहिली होती, आणि तिची पहिली सहा पानं चुकीची होती. आज निवृत्तीनंतरही त्यातली वाक्यं मला तोंडपाठ आहेत.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चांदा जिल्ह्यात अहेरीकडच्या एका ठाण्यावर माझी नवी नेमणूक होती. वनस्पतिशास्त्राची पदवी, बाईच्या अंगावर तेव्हा नवलाची वाटणारी फौजदाराची वर्दी आणि पहिला खून उघडकीस आणण्याची घाई, एवढं माझं भांडवल.

एका सकाळी हजेरीलाच लाकूड कंत्राटदाराच्या बंगल्यावरचा स्वयंपाकी आला. "बाई, माळ्याची बायको मेली. रातभर उलट्या. दोघायचं भांडन झालं होतं, म्या आयकलं."

शवविच्छेदनात पोटात केसाळ पानांचे तुकडे निघाले. मी ते पाहताच ओळखले. बंगल्याच्या भिंतीलगत कंत्राटदाराच्या पत्नीनं हौसेनं करवून घेतलेला फॉक्सग्लोव्हचा वाफा होता. थंड डोंगरातलं हे झाड. चांद्यात ते फक्त हिवाळ्यात जगतं. पण माळ्यानं तुऱ्यांना बी धरू न देता ते वेळीच कापले होते, म्हणून बाजूचे तुरे फुटून फुलोरा फाल्गुनापर्यंत टिकला होता. याच पानांपासून हृदयाचं आणि त्याच्या विकारानं येणाऱ्या सुजेचं औषध करतात आणि जास्त झालं तर हृदय थांबतं. वाफ्यातली बरीच पानं गायब होती. माझ्या दृष्टीनं तपास संपला होता.

माळ्याला अटक केली. त्याच्यावर हात उगारला नाही. बायको त्या झाडानं मेली एवढं सांगून मी फक्त प्रश्न विचारले.

"पानं तूच तोडलीस ना?"

"हो बाई."

"वाटून चहात घातलीस?"

"हो बाई."

हवालदार खूश झाला. "न मारता कबूल! बाई, आता तुमाले बढती देऊन चांद्याले बोलावतेत पाहा."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. म्हणून पाचव्या दिवशी पंच घेऊन त्याला वाफ्यापाशी नेलं, एक हात बेडीतून सोडवला आणि पानं कशी तोडली ते दाखवायला सांगितलं. त्यानं चाकू घेतला, खालचं पान उचललं आणि देठ बुडाशी तिरपा, साफ कापला. मग त्याची नजर शेजारच्या झाडांवर गेली आणि आपण आरोपी आहोत हे तो विसरला.

"हे कोनं ओरबाडलं? असं तोडतेत का? बुड सडते ना झाडाचं!"

मी वाकून पाहिलं. गायब झालेल्या प्रत्येक पानाचा देठ सालीसकट फाटलेला होता. ते घाबरट, घाईच्या हाताचं काम होतं.

"भांडण कशावरून झालं?" हा प्रश्न मी पाच दिवसांत प्रथमच विचारला.

"बायको पानं मागे. पायाले सूज होती तिच्या. म्या म्हनलं, बाईसायबाचं झाड हाय, हात नको लावू."

झोपडीची झडती तेव्हा कुठे घेतली. वळचणीला फाटक्या देठांची पानं सुकत टांगलेली होती आणि चुलीशेजारच्या गाडग्यात पानांसकट उरलेला काढा होता. कंत्राटदाराच्या पत्नीनं मान खाली घालून सांगितलं, "मी पुस्तकात वाचून दोन पानांचा काढा दिला होता. सूज उतरली. पुन्हा मागायला आली तेव्हा मी नाही म्हटलं. ती स्वतः तोडेल असं वाटलं नव्हतं." पाच दिवस ती गप्प का होती, याचं उत्तर तिनं दिलं नाही. अपघाती मृत्यू अशी नोंद झाली आणि बंगल्यावरच्या कुणालाही चौकशीचं बोलावणं गेलं नाही.

माळ्याची सुटका झाली, पण बायकोचं क्रियाकर्म तो कोठडीत असतानाच उरकलं होतं. जाताना मी त्याला विचारलं, "न केलेलं कबूल का केलंस?"

तो दारातच वळला. "तुमी शिकलेल्या, बाई. तुमी म्हनलं, बायको त्या झाडानं मेली. झाड त म्याच वाढवलं. मंग म्याच मारलं ना तिले?"

पुढच्या नोकरीत मी शेकडो जबाब घेतले. आरोपीनं "हो" म्हटलं की लेखणी खाली ठेवून आधी माझा प्रश्न पुन्हा वाचायचा, ही सवय मला त्या माणसानं लावली. तिची किंमत मात्र त्यानं मोजली होती.