घरगुती उपचार : नाही

आप्पांना त्या औषधचाचणीत घालायचं मीच ठरवलं. घरातलं दुसरं कुणी राजी नव्हतं.

घाटनांदूरला आमचं कापडाचं दुकान होतं. वडिलांना, म्हणजे आप्पांना, कंपवात होऊन सात वर्षं झाली होती. गोळीचा असर दोन तासही टिकेनासा झाला होता. तो उतरला की अंग ताठ व्हायचं, पाऊल जमिनीवरून सुटायचं नाही. एका गिऱ्हाइकाचा ब्लाउजपीस तिरका कापला गेला. ती बाई भांडून गेली आणि त्या दिवसापासून दादानं, थोरल्या भावानं, त्यांच्या हातात कात्री दिली नाही. आप्पांना पुन्हा गादीवर बसून कापड कापायचं होतं. चाचणीकडून त्यांना दुसरं काहीही नको होतं.

मी बीडला एका दैनिकात उपसंपादक होतो. परदेशी औषध कंपन्या आपल्याकडच्या रुग्णांवर नवी औषधं तपासू लागल्याच्या बातम्या तेव्हा येत होत्या. अशाच एका बातमीच्या मागे लागून मी मुंबईतल्या रुग्णालयाचा पत्ता मिळवला. कंपवातात मेंदूतल्या डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. हे रसायन मेंदूत ज्या ठरावीक जागांवर जाऊन बसतं त्यांना रिसेप्टर म्हणतात. कंपनीचं नवं औषध थेट या जागांवर बसणार होतं. ते किती जागा व्यापतं हे बघायला मेंदूच्या दोन तपासण्या होत्या, एक औषध सुरू करण्याआधी आणि एक नंतर. शिरेतून किरणोत्सारी द्रव्य द्यायचं, ते मोकळ्या जागांवर बसतं आणि यंत्र त्याचं चित्र काढतं. पहिल्या चित्राच्या वेळी जागा मोकळ्या हव्यात, म्हणून आदल्या दिवसापासून गोळ्या बंद ठेवायच्या होत्या.

फॉर्म टपालानं बीडला आला. मी तो ऑफिसातच भरला. आजार कधीपासून, गोळ्या कोणत्या, झोप कशी. एका रकान्यात विचारलं होतं, आयुर्वेदिक, झाडपाल्याचे किंवा घरगुती उपचार चालू आहेत का? मी ‘नाही’ लिहिलं. दुकानात फोन होता. मी तो लावला नाही. बातमीदारानं एका जागेचं नाव न विचारता लिहिलं तर मी कॉपी परत करत असे. इथं मला विचारावंसं वाटलं नाही, कारण आपल्या घरात काय चालतं हे मला माहीत आहे अशी माझी समजूत होती. मी अकरा वर्षं त्या घरात राहत नव्हतो.

गावी गेलो तेव्हा दादा तागे लावत होता. त्यानं मान वळवली नाही.

“काय बे पेपरवाले, बाप कंपनीला इकायलास?”

“इकत न्हाई. औषध फुकट हाय.”

“उंदराला बी फुकटच देतेत.”

“उंदीर बरा की,” आप्पा खुर्चीतून म्हणाले. “तो कापड कातरतोय अजून.”

दादा हसला नाही. आई आत होती. “गोळ्या कावून बंद करायच्या?” तिनं विचारलं. मी सांगितलं, फोटो नीट यावा म्हणून. तिनं पुढं काही विचारलं नाही. मीही नाही.

आई धरून आम्ही चौघं अंबाजोगाईहून ट्रॅव्हल्सनं निघालो. गोळी बंद होती. बसच्या तीन पायऱ्या चढायला आप्पांना इतका वेळ लागला की क्लीनरनं “अंकल, आज चढायचंय” असं म्हटलं. मी आणि दादानं त्यांना दोन्ही काखांत धरून उचललं. दादा त्या क्लीनरवर धावला आणि मग माझ्यापासून लांबच्या सीटवर जाऊन बसला.

सकाळी रुग्णालयाजवळच्या लॉजमध्ये उतरलो. दादा आणि मी खाली चहाला गेलो होतो. अर्ध्या-पाऊण तासानं वर आलो तर आप्पा खिडकीपाशी उभे होते आणि सदऱ्याचं तिसरं बटण लावत होते. स्वतःच्या हातानं. मी ते पाहिलं. एक पूर्ण दिवस गोळी नसलेल्या माणसाला हे जमायला नको, हे मला कळत होतं. मी विचारलं नाही. तपासणीची वेळ झाली होती.

डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी आप्पांना अंगठ्यावर तर्जनी आपटायला सांगितली. आप्पांनी आपटली, बऱ्यापैकी भरभर.

“शेवटची गोळी कधी घेतली?”

“काल सकाळी,” मी सांगितलं.

त्यांनी ते लिहून घेतलं आणि बोटांबद्दलही काहीतरी लिहिलं. रक्त घेतलं गेलं. नंतर आप्पांना यंत्रात तासभर निजवलं.

दुपारी आम्हाला आत बोलावलं. टेबलामागे डॉक्टर होत्या आणि शेजारी चाचणीचे कागद सांभाळणारा टाय लावलेला तरुण. पडद्यावर मेंदूचं चित्र होतं. मधोमध दोन स्वल्पविरामांसारखे उजळ भाग दिसत होते.

“नुसत्या डोळ्यांना यात फरक कळणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “पण मोकळ्या जागांचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी आलाय. जागा आधीच भरलेल्या होत्या. आणि सकाळी यांची बोटंही तेच सांगत होती.”

“गोळी दिलीत ना तुम्ही?” टायवाल्यानं मला विचारलं. “खरं सांगा. लोक देतात.”

मी पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून त्याच्यापुढे आपटली. म्हणालो, मोजून घ्या. खेड्यातला माणूस दिसला की खोटारडा धरायचा, असंही म्हणालो. माझा आवाज चढला होता. दादा पहिल्यांदाच माझ्या बाजूनं पुढं सरकला.

“गोळी न्हाई दिली,” दाराशी उभी असलेली आई म्हणाली. “कवचबीज दिलं. दुधातून. आज जरा जास्तीच दिलं, ह्यांना पायऱ्या चढाया याव्यात म्हणून.”

“कवचबीज म्हणजे खाजकुयरीच्या बिया?” डॉक्टरांनी विचारलं.

“हां. दुधात शिजवायच्या, साल काढायची, वाळवून दळायच्या. तीन वर्षं देतेय की.”

डॉक्टर म्हणाल्या, “त्यात लेव्होडोपा असतं. मेंदूत त्याचंच डोपामाइन होतं. तुमच्या गोळीत जे आहे तेच.”

टायवाल्यानं फॉर्म काढला, माझ्यासमोर धरला आणि रकान्यावर पेन ठेवला. “इथं ‘नाही’ लिहिलंय. खाली सही तुमची.”

“मला कुणी इचारलंच न्हाई,” आई म्हणाली. ती त्याच्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. “इचारलं असतं तर सांगितलं असतं.”

मी बियांचा परिणाम उतरल्यावर पुन्हा तपासणी घ्या म्हणालो. टायवाला म्हणाला, चुकीची माहिती दिलेला रुग्ण कंपनी परत घेत नाही. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी नियम तसाच असल्याचं सांगितलं. मग त्यांनी आईला विचारलं, “ती पूड आहे का जवळ? थोडी द्याल? तपासून बघायचीय.”

“ह्यांना घेताव का मग औषधात?”

“नाही घेता येणार, आई.”

“मग पुडी बी न्हाई,” असं म्हणून आईनं पिशवीचं तोंड आवळलं.

आम्ही बाहेर पॅसेजमध्ये आलो. लिफ्ट बंद होती आणि आप्पांचे पाय पुन्हा थांबले होते. दादा माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाला, “तुला बे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळतो ना?” आप्पांनी त्याला हातानं गप्प केलं. माझी बाजू घ्यायला नव्हे. त्यांना आईशी बोलायचं होतं.

“जिना उतरायचाय. दे.”

आईनं पाण्याच्या बाटलीत पूड हलवली आणि बाटली त्यांच्या तोंडाला लावली. थोडं पाणी सदऱ्यावर सांडलं. असर व्हायला अर्धा तास लागणार होता. तेवढा वेळ आम्ही चौघं बाकावर बसलो. टायवाला दोनदा समोरून गेला आणि दोन्ही वेळा बाटलीकडे बघून गेला. आप्पा उठले तेव्हा मी हात पुढं केला. त्यांनी कठडा धरला.