वरची ओरड

मी लिफ्ट मेंटेनन्सवाला. एकोणीस वर्षं ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंतच्या सोसायट्यांमध्ये हेच करतोय. कोणी बटण न दाबता लिफ्ट सातव्या मजल्यावर जाऊन उघडली की लोक मला फोन करतात आणि दबक्या आवाजात सांगतात, त्या मजल्यावरच्या अमुक आजी मागच्याच महिन्यात गेल्या हो... मी जातो, सेन्सरवरची धूळ पुसतो, लिफ्ट शहाण्यासारखी वागायला लागते. त्यामुळे या पेजवरचे भुताखेताचे अनुभव वाचून मी आजवर फक्त हसलोय. दोन-तीन जणांशी कमेंटमध्ये भांडलोयसुद्धा. त्यांनी आता खुशाल हसून घ्यावं.

मी कोपरला राहतो. आई गेल्यापासून बाबा खडवलीच्या घरात एकटेच. वय चौऱ्याहत्तर, सोबतीला अकरा गावठी कोंबड्या आणि एक भांडखोर कोंबडा. "आमच्याकडे चला" म्हटलं की कोंबड्यांचं कारण पुढे करायचे. त्यात बीपीची गोळी विसरायला लागलेले. माझी आणि बायकोची एकच धास्ती – हा माणूस एक दिवस तिथे एकटाच पडेल आणि कोणाला कळणारसुद्धा नाही.

कोंबड्यांची भाषा मला बाबांनीच शिकवली. मुंगूस, कुत्रा, साप दिसला की ती 'खालची ओरड' – कुट् कुट् कुटाऽक, कुट् कुट् कुटाऽक, सगळ्या मिळून नुसता कालवा. घार किंवा ससाणा दिसला की 'वरची ओरड'. ती एकच, लांब, बारीक – क्रेऽऽऽ – आणि मग सगळ्या जागच्या जागी थिजतात. बाबा स्वयंपाकघरातून नुसतं ऐकून सांगायचे काय आलंय ते, आणि कधी चुकायचे नाहीत.

मागच्या जानेवारीत त्यांचा फोन आला.

"आठ दिवस झाले, रोज अकराच्या सुमाराला वरची ओरड देतात. मी बाहेर येऊन बघतो तर आभाळात काय नाय."

"ड्रोन असेल."

"खडवलीत कोण ड्रोन उडवतंय रे?"

"मग विमान."

"विमानाला कोंबडी कधी ओरडते का?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मला वाटलं, बाबांचं डोकंच आता जरा... बायकोला, स्मिताला, तसं बोललोसुद्धा. आता आठवलं की लाज वाटते.

त्या रविवारी मी खडवलीला गेलेलो, पण खरं सांगायचं तर कोंबड्यांसाठी नाही. मला थंडीत पक्षी बघायचा नाद आहे. आमच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलेलं की खडवलीच्या मागच्या टेकडीवरून गिधाड दिसलं. आपल्याकडून गिधाडं जवळजवळ गेलीच आहेत, त्यामुळे मला राहवेना. बाबांनी गळ्यातली दुर्बीण बघितली. "काय बघायला चाललास?" मी सांगितलं. त्यांचा चेहराच बदलला.

याचं कारण सांगायला हवं. आम्ही बौद्ध. पूर्वी गावातलं मेलेलं ढोर ओढून नेणं, सोलणं हे काम गावाने आमच्या घरावर लादलेलं होतं. माझ्या आजोबांनी ते सोडलं, गावाच्या शिव्या आणि धमक्या खाऊन सोडलं. बाबा तेव्हा लहान होते. मला त्यांनी एकदाच सांगितलेलं की गिधाडं घिरट्या घालताना दिसली की कळायचं, खाली कुठेतरी जनावर पडलंय. त्यापुढे या विषयावर ते कधीच बोलले नाहीत.

"ज्या पाखराच्या मागे जायचं तुझ्या आजोबाने सोडलं," बाबा म्हणाले, "त्याच्यामागे तू हौसेने चाललास."

माझंही डोकं फिरलं. म्हणालो, "पुढच्या रविवारी कोंबड्या भास्करला देतो आणि तुम्हाला कोपरला नेतो. विषय संपला." भास्कर म्हणजे आमचा शेजारी. बाबा दाण्याचा डबा उचलून खुराड्याकडे गेले.

निघताना, बाबांची पाठ वळल्यावर, मी माझा जुना मोबाईल रेकॉर्डिंगला लावून खुराड्याच्या पत्र्याखाली ठेवला. अकराला ओरड झालीच नाही तर बाबांना ऐकवायचं, की बघा, तुमचा भास आहे. मला भांडण जिंकायचं होतं, बस.

टेकडीवर पोचलो तेव्हा साडेदहा झालेले. गवत वाळलेलं, ऊन चढत होतं, एक-दोन घारी, बाकी काही नाही. दहा अठ्ठावन्नला मला ते दिसलं. वेळ पक्की सांगतो, कारण आम्ही पक्षीवाले वहीत वेळ लिहितो. भलेमोठे पंख, पंखांखाली पांढरं, वळताना पाठीवरचा पांढरा डाग स्पष्ट. पांढऱ्या पाठीचं गिधाड. एकटंच.  मोबाईलवर फोटो काढला, त्यात नुसता ठिपका आला. मग परत दुर्बीण लावली आणि बघतच बसलो. एकाच जागेवर घिरट्या घालत होतं, उंची सोडत नव्हतं, खाली येत नव्हतं. पाच-सात मिनिटं अशीच गेली.

मग सहज, खाली काय आहे ते बघावं म्हणून दुर्बीण खाली केली. चिंच दिसली. चिंचेशेजारी निळा पत्रा. तो मी स्वतः मागच्या पावसाळ्याआधी खुराड्यावर बसवलेला.

खाली कुठेतरी जनावर पडलंय.

मी धावलो. बॅग तिथेच टाकली. उतरताना दोनदा पडलो, गुडघा फुटला. बाबांना फोन लावत होतो, नुसती रिंग जात होती. माझ्या तोंडून 'बाबा, बाबा' एवढंच निघत होतं. अंगणात शिरताना एकदा वर बघितलं. आभाळ रिकामं होतं.

बाबा खुराड्याला लावलेल्या पत्र्याच्या पडवीत, भिंतीला टेकून कलंडलेले. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लुळा, पण डोळे उघडे. कोंबड्या त्यांच्या अंगाला लागून बसलेल्या, एक तर मांडीवर. मी भास्करला हाक मारली, त्याच्या व्हॅनमधून बाबांना कल्याणला आणलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी आहे, वेळेत आणलंत म्हणून इंजेक्शन देता आलं. संध्याकाळपर्यंत तसेच राहिले असते तर...  मी तर टेकडीवर संध्याकाळपर्यंत थांबणार होतो.

चौथ्या दिवशी ते रेकॉर्डिंग ऐकलं. दहा एकेचाळीसला डबा पडल्याचा आवाज. मग मिनिटभर खालची ओरड, सगळ्यांची. मग शांतता. आणि त्यानंतर, माझे धावते पाय ऐकू येईपर्यंत, नुसतं कुर्र... कुर्र... संध्याकाळी खुराड्यात एकमेकींना चिकटून बसल्यावर करतात ना, तेच. आठ दिवस रिकाम्या आभाळाला ओरडणाऱ्या कोंबड्या, आणि खरोखरचं गिधाड डोक्यावर होतं तेव्हा एकीनेही वरची ओरड दिली नाही. तीन वेळा ऐकलं. तिसऱ्यांदा अर्ध्यातच बंद केलं.

बाबांना हॉस्पिटलमध्ये बोलता यायला लागलं ते तुटक, जड. मी त्यांना सगळं सांगितलं.

"उतरलं होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही. घिरट्याच घालत होतं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली.

"तुझा आजोबा... असाच धावायचा," ते म्हणाले. "ते उतरायच्या आत पोचायला लागायचं. एकदा उतरलं की कातडं फाडायचं... मग हाताला काय लागायचं नाय." मग म्हणाले, "त्याने ते धावणं सोडलं. तू धावलास... ते बरं केलंस."

मी बाहेर जाऊन जिन्यात बसून रडलो.

ग्रुपवर फोटो टाकला तर सगळे म्हणाले, ठिपका आहे, घार असेल. असू दे. पण गिधाड वास घेऊन येत नाही, डोळ्याने बघून येतं, आणि बाबा पत्र्याखाली होते. त्यात जिवंत होते. शिवाय आधीचे आठ दिवस कोंबड्या कोणाला बघत होत्या, याचं उत्तर कोणाकडे आहे?

बाबा सध्या कोपरला आहेत, काठी घेऊन चालतात. कोंबड्या मी दिल्या नाहीत, खडवलीतच आहेत, भास्कर दाणे टाकतो. अकराची ओरड त्या रविवारपासून बंद आहे असं तो सांगतो. बाबा मात्र अकरा वाजले की बाल्कनीत जाऊन वर बघतात. काय बघता, असं मी विचारत नाही. कामावर नसलो तर मीही त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहतो.