कोणती मांतेका

जुलै महिन्यात एर्सिलियाच्या घरी जेवायला जायचं उष्ण बेटावरच्या त्या मोका गावातले लोक शक्यतो टाळत. बाहेर कोकोची झाडंसुद्धा घामेजल्यासारखी दिसायची, आणि ही बाई मका, भोपळा, घेवड्याचे दाणे आणि डुकराचं मांस घालून दाट रस्सा रांधायची, तोही वाफाळता वाढायची. तिचा नवरा एलिसेओ एका हातात चमचा आणि दुसऱ्या हातात टॉवेल धरून जेवायचा. का म्हणून कुणी विचारलं तर एर्सिलिया फळीवरच्या पाककृतींच्या पुस्तकाकडे बोट दाखवायची. पुस्तकात लिहिलं होतं की जुलैमध्ये शरीराला ऊब लागते.

पुस्तक दूरच्या अर्जेंटिनाचं होतं, पण भाषा मोकातलीच. लग्नात तिच्या धर्मपित्याने जवळच्या सांतियागो शहरातल्या एका दुकानातून आणून दिलेलं. पहिली पानं सासूच्या बकरीने खाल्ली, त्यामुळे त्याचं नाव काय हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे नुसतं ‘पुस्तक’ म्हणत. एर्सिलिया तेव्हा एकोणीस वर्षांची होती. सासरी तिला सगळे ‘ए पोरी’ म्हणत, आणि भात करपला, दूध नासलं, कोंबडी हरवली तरी चूक तिचीच असे. पुस्तक तिला ‘बाईसाहेब’ म्हणायचं. ‘बाईसाहेब, पीठ लाटताना चिरलं तर घाबरू नका, त्याचा स्वभावच तसा आहे,’ असं त्यात एका पानावर लिहिलं होतं. ते वाक्य तिने उभ्या उभ्या कितीदा तरी वाचलं. तुझी चूक नाही, असं त्या स्वयंपाकघरात तिला पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं.

तेव्हापासून ती त्या पुस्तकाची झाली. त्यातलं सगळंच तिला उमगे असं नाही. एक गोष्ट तर तिला कायम बुचकळ्यात टाकायची. एवढ्या गाईगुरांचा देश, पण अख्ख्या पुस्तकात लोण्याचं नाव नाही. जिथे तिथे मांतेका. मांतेका म्हणजे डुकराची चरबी, हे मोकातलं शेंबडं पोरही सांगेल. ती एर्सिलियाच्या ओट्याखाली पत्र्याच्या डब्यात भरलेली असायचीच. ते लोक लोणी सगळं विकून टाकत असतील, असा तिने अंदाज बांधला होता. काटकसरी असतील बिचारे.

त्या पुस्तकातली आल्फाखोर नावाची बिस्किटं ही तिची खरी ख्याती. मक्याच्या सत्त्वाची, दोन चकत्यांच्या मध्ये आटवलेलं गोड दूध भरलेली, कडेला खोबऱ्याचा कीस. तोंडात ठेवली की विरघळत. गल्लीत कुणाचं बारसं असो की निरोप, आल्फाखोर एर्सिलियाकडूनच जायचे.

म्हणूनच तिच्या मुलीने, योकास्ताने, अर्जेंटिनाच्या फाकुन्दोशी लग्न ठरवलं आणि ती तिकडे त्याच्या कोर्दोबा शहरात राहायला जाणार हे कळलं, तेव्हा शेजारणी रडारडीच्या तयारीने आल्या होत्या, पण एर्सिलिया रडली नाही. "त्या लोकांना मी ओळखते," ती म्हणाली. "तीस वर्षं त्यांचंच रांधतेय." ती मनापासून बोलत होती. तिच्या लेखी पोरगी परक्या घरी जातच नव्हती. पुस्तक तिच्याबरोबर द्यायचं, हेही तिने तेव्हाच ठरवलं.

लग्नाच्या आधी फाकुन्दोची आई, नेलिदा, मोकाला आली. उंच, नीटनेटकी, हळू बोलणारी बाई. एर्सिलियाने तिला कॉफी दिली आणि काही न सांगता बशीत आल्फाखोर ठेवले. विहीणबाईंनी आपल्या घरचा घास ओळखावा आणि पोरीचं माहेर मनात ठेवावं, एवढंच तिला हवं होतं.

नेलिदाने एक खाल्ला. मग दुसरा घेतला.

"फार सुरेख," ती म्हणाली. "याला इकडे काय म्हणतात?"

एर्सिलियाच्या हातातली किटली तशीच राहिली. आल्फाखोर, असं तिने सांगितलं तेव्हा नेलिदा हसली. मग ही थट्टा नाही हे तिच्या लक्षात आलं. तिने तिसरा उचलून वास घेतला, मोडून पाहिला. चांगले आहेत, पुन्हा पुन्हा म्हणाली, पण आल्फाखोर नाहीत.

मग पुस्तक खाली आलं. दोघी त्यावर वाकल्या. सत्त्व इतकं, पीठ इतकं, अंडी इतकी. माझंही असंच, नेलिदा म्हणाली. मांतेका दोनशे ग्रॅम. माझीही दोनशे. एर्सिलियाने ओव्हनवर संशय घेतला, नेलिदाने हवेवर. लिंबाचं म्हणाल तर मोकात लिंबू हिरवंच असतं, तिकडे पिवळं, पण तेवढ्याने चव एवढी बदलावी? संध्याकाळभर दोघी प्रत्येक ओळीवर एकमेकींना हो म्हणत राहिल्या, आणि प्रत्येक होनंतर जास्तच गोंधळत गेल्या. एलिसेओला ते पाहून मजा वाटत होती. एका नवऱ्याच्या दोन बायका एकमेकींशी एवढ्या गोड बोलताना मी प्रथमच पाहतोय, तो योकास्ताला म्हणाला.

शेवटी नेलिदा म्हणाली, उद्या सकाळी दोघी मिळून करू.

सकाळी पीठ चाळलं, अंडी फोडली. एर्सिलियाने ओट्याखालून डबा ओढला, झाकण काढलं आणि आत चमचा घातला. नेलिदाने तिचा हात धरला.

"हे काय?"

"मांतेका."

"ही?" नेलिदाने वाकून वास घेतला. "विहीणबाई, ही डुकराची चरबी आहे."

"मग मांतेका आणखी काय असते?"

"लोणी."

दारात उभ्या एलिसेओने घसा खाकरला. "म्हणजे गाई सापडल्या तर," तो म्हणाला.

नेलिदा खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. एर्सिलियाही हसली, कारण हसायला हवं होतं. मग ती पुस्तकाची पानं उलटू लागली. पानापानावर तोच शब्द. आजवर तो तिच्याकडे एका चेहऱ्याने बघत आला होता. आता त्याला दुसराच चेहरा फुटला होता, आणि हा जास्त खरा होता म्हणे. केकमध्ये, पावात, सॉसमध्ये. मग इतकी वर्षं ती कुणाचं रांधत होती? त्यांचं नाही. आपलंही नाही, कारण मोकात दुसरं कुणी असलं काही करत नव्हतं. आणि ज्यांना ओळखते असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती, ते लोक कोण होते?

नेलिदाने सरळ मनाने पेन्सिल मागितली. या शब्दावर ‘लोणी’ असं लिहून ठेवू, म्हणजे योकास्ताचा घोटाळा व्हायचा नाही.

एर्सिलियाने पुस्तक आपल्याकडे ओढलं. "त्याचं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. पुस्तकाने तिला कधी दोष दिला नव्हता. ती त्याला कसा देणार?

दोन्ही प्रकारचे आल्फाखोर झाले. नेलिदाला शेवटपर्यंत आपलेच आवडले, आणि तिने ते लपवलं नाही. एर्सिलियाने लोण्याचा एक खाल्ला. चांगला होता. सभ्य होता. तिला काय म्हणावं ते सुचेना.

लग्न झालं. निघायच्या दिवशी एर्सिलियाने पुस्तक मुलीच्या बॅगेत ठेवलं, बाहेर काढलं, पुन्हा ठेवलं.

"आई, देतेस की नाही एकदाचं?" योकास्ता म्हणाली.

"यात मी नाही गं," एर्सिलिया म्हणाली. "मला वाटलं होतं, आहे."

"मग सांग ना, कुठे काय बदलायचं ते."

एर्सिलिया सांगू लागली. मांतेका मागू नकोस, तिकडे लोणी देतील. चरबीसाठी खाटकाकडे जा. पण तिथली चरबी आपल्यासारखी असेल का? आणि लिंबू पिवळं मिळणार, मग साल कमी घाल, की जास्त? कोन्याक ब्रँडीऐवजी मी आपली इकडची रम घालते, ती तिकडे कुठून आणशील? एक धागा सारखा करावा तर दुसरा उसवत होता. शेवटी तिने बॅगेची चेन लावून टाकली.

मग जुलै आला. फळीवर पुस्तक नव्हतं, तरी एर्सिलियाने आठवणीने रस्सा चुलीवर चढवला. एलिसेओने टॉवेल शोधला. तेवढ्यात फोन वाजला. योकास्ता दात वाजवत बोलत होती. इथे हाडं गोठवणारी थंडी आहे म्हणाली, झाडांना पान नाही, आणि आज पुस्तकातला जुलैचा रस्सा केला. "आई, गरम गरम काय लागला म्हणून सांगू. तो थंडीसाठीच होता गं."

एर्सिलियाने एप्रनच्या टोकाने मान पुसली. चुलीवरच्या भांड्याकडे पाहिलं. तिकडे जुलैत थंडी असते, हे तीस वर्षांत एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं. तरी भांडं उतरवावंसं तिला वाटलं नाही. पोरगी तेच जेवत होती.

"आणि आल्फाखोर?" तिने विचारलं. "केलेस?"

"रविवारीच केले. सगळे संपले."

"कशात केलेस?"

"मांतेकात," योकास्ता म्हणाली.

एर्सिलियाने तोंड उघडलं. कोणत्या, असं विचारायचं होतं. पण तिकडे कुणीतरी योकास्ताला हाक मारली, आणि ती "आले" म्हणाली, जरा वेगळ्याच हेलात, नेलिदा म्हणायची तसं. एर्सिलिया फोन कानाला धरून उभी राहिली. मग फोन ठेवून तिने रस्सा ढवळला आणि एलिसेओला वाढायला घेतला.