मावशीची दोन जास्तीची ताटं

आमच्या शाळेतल्या खिचडीवाल्या मावशीला मोजता येत नाही, असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. हजेरी चाळीस असली की ती बेचाळीस ताटं मांडायची. मी मुख्याध्यापक, त्यात नियमाचा किडा. "मावशी, ताटं पटाप्रमाणे मांडा," हे माझं रोजचं पालुपद. "हाव, गुरुजी," म्हणून ती पुन्हा दोन जास्तच मांडायची. एकदा चिडून जाब विचारला, तर म्हणाली, "पटावरचे लेकरं तुमचे. पटाबाहेरचे माहे."

पटाबाहेरची म्हणजे वीटभट्टीवरची. जानेफळजवळच्या आमच्या शिवारात भट्टी होती. दिवाळी झाली की जळगाव जामोदच्या वरून, सातपुड्याच्या पायथ्याकडून, कुटुंबं तिथं कामाला यायची. मोठी माणसं माती कालवायची आणि लेकरं वाळत घातलेल्या कच्च्या विटा उलटायची. हे साऱ्या गावाला दिसत होतं, मलाही दिसत होतं. पण ती मुलं आपल्या गावची नाहीत, एवढ्यावर आमचं भागत होतं. मावशीचं भागत नव्हतं. खिचडी शिजली की ती हातातल्या सराट्यासकट, त्या लांब उलथण्यासकट, बांधावर जाऊन हाका मारायची.

त्या हाकेवर फुलवंती यायची. दहा वर्षांची पोर, कडेवर कायम धाकटी बहीण. जेवण झालं तरी ती परत जायची नाही, वर्गाच्या खिडकीशी उभी राहून पाढे ऐकायची. मावशीनं माझ्यामागे टुमणं लावलं, "हिचं नाव लिवा."

"दाखला कुठाय? जन्माची नोंद कुठाय?"

"भूक लागाले दाखला लागला नाही, गुरुजी. मंग शिकाले काऊन लागते?"

तिला नियम दाखवावा म्हणून मी कपाटातून शिक्षणहक्काच्या कायद्याचं पुस्तक काढलं आणि तोंडघशी पडलो. कागद नाहीत म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही, असं त्यात स्वच्छ छापलेलं होतं. इतकी वर्षं ते पुस्तक माझ्याच कुलपात होतं. मी मुकाट्यानं वाचून दाखवलं. मावशी म्हणाली, "पाहा, सरकारले समजलं. तुमालेच उशीर लागला."

फुलवंतीचं नाव पटावर चढलं. धाकटीचं काय, हा प्रश्न मावशीनं मला विचारलाच नाही. जुन्या लुगड्याचा झोका स्वयंपाकखोलीच्या आढ्याला बांधून मोकळी झाली. एका हातानं झोक्याची दोरी, दुसऱ्या हातानं सराटा. मी तपासणीच्या धास्तीनं दोनदा तक्रार केली. तिसऱ्या वेळी झोका मीच हलवत होतो.

महिन्याभरानं भट्टीचा मुकादम शाळेत आला. मागे खाली मान घालून फुलवंतीचा बाप. पंगत बसली होती. "पोरगी कामावर पायजे," मुकादम बापाकडे बोट दाखवत म्हणाला, "नाहीतर यायनं आपलं बिऱ्हाड उचलावं." फुलवंती घास हातात धरून बापाकडे पाहत राहिली. मावशी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. "लेकरू जेवून राह्यलं, बे. जेवत्या ताटावरून उठवतं का कोणी?"

मी तसा भित्रा माणूस. पण त्या दिवशी हजेरीपट घेऊन बाहेर आलो. नाव दाखवलं आणि म्हणालो, "ही माझी विद्यार्थिनी आहे. हिला कामाला लावलंत किंवा हिच्या बापाला काढलंत, तर आजच्या आज वर लेखी कळवीन." मुकादम पुटपुटत निघून गेला. दुसऱ्या दिवशी दोन्ही पोरींना बाप स्वतः शाळेत सोडून गेला. मला इतका आनंद झाला, की त्या दिवशी ताटं मीच मांडली.

परीक्षा तोंडावर असताना भट्टी बंद झाली आणि ते कुटुंब गावी निघालं. मी फुलवंतीचं शिक्षण हमी कार्ड लिहिलं. ते दाखवलं की पुढच्या शाळेनं तिला त्याच वर्गात बसवून घ्यायचं. मावशीनं ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोरीच्या हाती दिलं. "दारात उभी राहू नको, भिऊ नको, बोलजो," एवढंच म्हणाली आणि चुलीकडे तोंड करून बसली. धूर नव्हता, तरी डोळे पुसत होती.

आता मी खामगावला आहे आणि मावशीनंही सराटा खाली ठेवला आहे. पण ते कुटुंब गेल्यावर आठवड्यानं शाळेत आलेला फोन अजून कानात आहे. तिकडच्या शाळेचे गुरुजी होते, जरा वैतागलेले. "कार्ड बरोबर आहे हो, पण ही मुलगी वर्गात बसायला तयार नाही. बहिणीला कडेवर घेऊन उभी आहे. म्हणते, 'आधी हिले ताट मांडा, मंग माह्यं नाव लिवा.' असा काही नियम आहे का?"

"आहे," मी ठणकावून सांगितलं, आणि फोन मावशीच्या कानाला लावला.