पाटीवरचे तेहतीस

एक व्हायचं ठरलं आणि आम्ही दोन झालो. १९७० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. निरनिराळ्या ख्रिस्ती मंडळ्यांनी वेगळ्या चुली मोडून एकत्र यावं, असं वरच्या लोकांनी ठरवलं. लोणावळ्याच्या आमच्या लहानशा देवळात मात्र त्यावरून अशी जुंपली की निम्मे लोक सकाळी उपासनेला येऊ लागले आणि निम्मे दुपारी. सकाळचे एकीच्या बाजूचे, त्यांत माझे यजमान पुढे. दुपारच्यांत आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. आक्का आणि मी दीड वर्ष एकमेकींशी बोललो नव्हतो. बाजारात ती समोरून दिसली की मी चिक्कीच्या दुकानात शिरायची. घरात इतकी चिक्की साठली की पोरंसुद्धा तिला हात लावेनात.

आई आक्काकडे होती, अंथरुणाला खिळलेली. तिला भेटायचं तर आक्काचा उंबरा ओलांडायला हवा, आणि माझं नाक तेवढं खाली येत नव्हतं. त्याची मला आजही लाज वाटते.

आमचे बाबा रेल्वेत सुतार होते. उपासनेत कोणती गीतं म्हणायची त्यांचे आकडे लावायची देवळातली पाटी त्यांनीच केलेली. आकडेही त्यांनीच सागवानाच्या तुकड्यांतून कोरलेले, प्रत्येक आकडा दोन-दोन. एका ३ च्या शेपटीला पटाशी निसटल्याची खाच होती. तेहतिसावं गीत त्यांच्या आवडीचं, त्यांच्या मातीलाही तेच म्हटलं होतं. सकाळची पाटी मी लावायची, दुपारची आक्का.

दुपारचे लोक दर रविवारी तेहतीस म्हणतात असं कानावर आलं आणि माझं डोकं फिरलं. बाबा काय फक्त त्यांचेच? मी उपासना संपल्यावर दोन्ही ३ पर्समध्ये टाकले, घरी आणले आणि तांदळाच्या डब्यात तळाशी पुरले. त्या रात्री मला छान झोप लागली, हेही सांगून टाकते.

पुढच्या शनिवारी दुपारी पाटी लावायला गेले. श्रावणातलं धुकं असं उतरलं होतं की देवळाच्या पायरीवरून फाटक दिसेना. आवार झाडणारे आबा टाकव्याचे. त्यांनी कुलूप काढलं. माझ्यामागोमाग धुकंही आत आलं आणि बाकांच्या मधून पसरलं. पाटीवर ३३ लावलेलं होतं.

बाकी पाटी रिकामी. मी हात लावून पाहिलं. लाकूड गार होतं, थोडं ओलसर. दुसऱ्या ३ च्या शेपटीला खाच होती.

"आबा, आत कोण आलं होतं?"

"कुनी न्हाई. रविवारपासनं चावी माज्या कमरंलाच हाय."

"आक्का?"

"न्हाई, बाई. मी हितंच तर हाय." मग जरा थांबून म्हणाले, "सकाळी आतनं रंधा मारल्यागत आवाज येत हुता. म्या म्हनलं, उंदीर असतील."

मी धावतच घर गाठलं. डबा ताटात पालथा केला. तांदळाबरोबर दोन्ही ३ बाहेर आले. एकाच्या शेपटीला खाच.

ते पदरात बांधून मी तशीच आक्काकडे निघाले. भांडायला नाही. मला भीती वाटत होती, आणि बाबांची ती खाच ओळखणारं दुसरं कुणी मला जगात नव्हतं.

आक्काने दार उघडलं. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत आतून आईचा आवाज आला.

"धाकटी आली का गं? मग म्हणा दोघी. तेहतीस."

आक्का भिंतीला टेकली. हळूच म्हणाली, "महिना झाला, ती एक शब्द बोललेली नाही."

आम्ही आईच्या दोन बाजूंना बसून गीत म्हटलं. लहानपणासारखं, आक्का वरच्या सुरात, मी खालच्या. आईने डोळे उघडले नाहीत. रात्री मी तिथेच राहिले आणि आक्काला पाटीचं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, देवळाची घंटा व्हायच्या आधी, आई गेली.

बाहेर ओट्यावर दाजी आणि माझे यजमान हलक्या आवाजात हुज्जत घालत होते, माती सकाळच्यांनी द्यायची की दुपारच्यांनी. आक्काने माझा हात धरला आणि आम्ही दोघी देवळात गेलो. आबांनी कुलूप काढलं. पाटी रिकामी होती, आदल्या दिवशीचं त्यावर काही नव्हतं. मी पदराची गाठ सोडली.

"खाचेचा मला दे," आक्का म्हणाली.

एक ३ मी लावला, एक तिने. मग तिने स्वतःच घंटा ओढली आणि बराच वेळ थांबलीच नाही.

सगळे आले. वाद मिटायला पुढे बरीच वर्षं लागली, पण पाटी त्यानंतर आम्ही दोघी मिळूनच लावली. त्या दिवशी बाक पुरले नाहीत. लोक दाटीवाटीने भिंतीला, दारात, पायऱ्यांवर धुक्यात उभे होते. पहिल्या बाकावर, बाबा बसायचे त्या टोकाला, दोन माणसांची जागा मात्र तशीच राहिली. तिथे बसू नका असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.