पोरगी फिट हाये ना?

आमच्या घरात एका इंग्रजी शब्दाला बंदी होती. तो शब्द म्हणजे फिट.

आता नागपुरात राहून हा शब्द टाळायचा म्हणजे काय दिव्य, ते मला विचारा. ब्लाउज फिट होतो, चप्पल फिट बसते, सत्तरीचे शेजारी सकाळी फिरून येतात आणि कुणी न विचारता "एकदम फिट हाओ आपण" म्हणून छाती पुढे काढतात. बाबांचं तर पोटच या शब्दावर. लकडगंजात त्यांचं दारं-खिडक्या बनवायचं काम. दिवसभर चौकट फिट कर, बिजागरी फिट कर. घरी आले की मात्र ते सांगायचे, "आज चार दारं बसवली." कारण मला फिट यायची.

पहिली आली तेव्हा मी दहावीत होते. डॉक्टरांनी एपिलेप्सी म्हटलं, आजूबाजूचे मिरगी म्हणाले, आई फिट म्हणाली, आणि मग तिने तेही सोडलं. "हिचं ते झालं होतं," एवढंच म्हणायची. जणू नाव घेतलं की ते हाक मारल्यासारखं धावत येणार होतं. मला तिचा राग यायचा, पण खरं सांगते, मीही तो शब्द तोंडातून काढत नव्हते. भीती आम्हा दोघींची सारखीच होती.

पुढे मी हुडकेश्वरला मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेऊ लागले आणि तो शब्द धड्यात येऊन उभा राहिला. फिट म्हणजे नीट बसणे, शोभणे, तंदुरुस्त असणे. मी भराभर सांगून पुढे निघाले होते, तेवढ्यात सातवीतली एक पोरगी म्हणाली, "मॅडम, फिट म्हणजे ते पण ना, ज्यात तोंडाले फेस येते?"

"तो वेगळा शब्द आहे," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. शब्दकोशात तो खरंच वेगळा दिलेला असतो. पण स्पेलिंग तेच, उच्चार तोच. आणि एक शब्द सांगतो की सगळं जिथल्या तिथे बसलंय, तर दुसरा सांगतो की सगळं उधळलंय. आपल्या मराठीत तर फिटणं म्हणजे सुटका. पांग फिटतात, नवस फिटतो, पारणं फिटतं. माझंच तेवढं काही फिटत नव्हतं. त्या दिवशी उरलेला तास मी खुर्चीत बसून घेतला, कारण फळ्यासमोर उभी राहून पडले तर काय, हे डोक्यातून जाईना.

गोळ्यांनी मग आराम पडला. वर्षभर काही झालं नाही, आणि आईने लगेच स्थळं बघायला घेतली. सांगायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

"आई, मांडवात आली तं?" मी विचारलं. "उपास, जागरण, धूर. मले भीती वाटते."

"मले काय मजा वाटून राहिली काय वं?" ती खेकसली.

काटोलची मंडळी आली. मुलगा आणि त्याची आई, दोघंच. सोबत घरच्या बागेतली पिशवीभर संत्री. मुलगा बँकेत नोकरीला, बोलायला कमी. ती उणीव त्याची आई भरून काढत होती. मी चहाचा ट्रे घेऊन आले. कप वाजू नयेत म्हणून अंगठे दाबून धरले होते, तरी ते वाजलेच.

"आमचं घर मोठं हाये ताई," मुलाची आई म्हणाली. "बाग हाये, माणसांची ये-जा हाये, काम लई रायते. पोरगी फिट हाये ना?"

आई चिवड्याच्या बश्या मांडत होती. तिचा हात थांबला. इतकी वर्षं जो शब्द दाराबाहेर ठेवला, तो आमच्याच बैठकीत कुणीतरी मोठ्याने उच्चारला होता. आईच्या कानांनी त्याचा एकच अर्थ ऐकला.

"आता नाही येत," ती म्हणाली. "गोळ्या सुरू केल्यापासून एकडाव पण नाही आली."

"काय नाही येत?"

बाबा सहज सावरून घेऊ शकले असते. सर्दी म्हणाले असते, अर्धशिशी म्हणाले असते. ते म्हणाले, "फिट."

आता उठतील, असं वाटलं. पण त्या मुलाने कप खाली ठेवला आणि माझ्या आईला विचारलं, "आली तं काय करा लागते काकू?"

मीही मान वर केली. हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं. माझ्या फिटच्या वेळी मी कुठे हजर असते?

"आधी दार लावते," आई म्हणाली. "मंग खिडक्या. बाजूवाले पाहतात ना. मंग हिच्यापाशी येते."

ती घाबरून खरं बोलून गेली होती. शुद्धीवर यायचे तेव्हा नेहमी अंधार असायचा. मला वाटायचं, तो माझ्या आजाराचाच अंधार. डॉक्टरांनाही मी तसंच सांगितलं होतं.

दोन दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुणी मागितलीच नव्हती.

मी आईला म्हटलं, "पुढच्या वेळी दार नको लावू."

"पुढची वेळ काहून म्हणून राहिली वं?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "लोक पाहतीन."

"पाहू दे. तू आधी माझ्यापाशी ये."

आणि फिट आली. भर दुपारी, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना. डोळे उघडले तर ऊन थेट डोळ्यांवर. दार सताड उघडं, दारात शेजारच्या दोघी, एकीच्या हातात फोडलेला कांदा. सलवार ओली झाली होती. कुणीतरी ते दार लावा, असं ओरडावंसं वाटलं, पण जीभ चावली गेली होती.

डोकं आईच्या मांडीवर होतं. एरवी मी शुद्धीवर येईपर्यंत ती तोंड धुऊन, पाण्याचा पेला घेऊन, काहीच न झाल्यासारखी बसलेली असायची. आज तिला तेवढा वेळच मिळाला नव्हता. ओठ पांढरे पडले होते, हनुवटी थरथरत होती, आणि मला धरलेले हात माझ्यापेक्षा जास्त कापत होते.

"आई," मी कसंबसं विचारलं, "तुले काय होऊन राहिलं?"

"भेव वाटते वं मले," ती म्हणाली. त्या दोघींसमोर, मोठ्याने. "लई भेव वाटते."