हाफपँटच्या आत काष्टी

एसटी सुटायला अजून वेळ होता. बाबा माडांना पाणी लावायचं काम अर्ध्यावर टाकून मला सोडायला आले होते. कमरेला काष्टी, खांद्यावर पंचा, गुडघ्यापर्यंत चिखल. बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो, काष्टी म्हणजे आमच्या कोकणातली लंगोटी. शेतात, बागेत सगळे पुरुष तेवढ्यावरच. आणि मी बाजूला उभा, नव्या टेरिकॉटच्या फुलपँटीत! काजू विकून शिवलेली. इस्त्री मोडू नये म्हणून मी एसटीच्या फाट्यावर बसलोसुद्धा नव्हतो. मनात पक्कं ठरवलं होतं, मुंबईला चाललोय, आता ह्या जन्मात काष्टी नाही.

माझी बायको सुनंदा मागं फणसाखाली उभी होती. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. बाबांनी तिच्याकडं बघून मला सुनावलं, "हातात पक्को धंदो येयसर सुनेक धाडूचंय नाय." म्हणजे तोवर ती गावातच. मग खांद्यावरचा पंचा काढून माझ्या पिशवीत कोंबला. म्हणाले, "घेवन जा, कामाक येतलो. आणि आयक. दुसऱ्याचा मागान नेसू नको. नसात तर उघडो फिर."

माझी शाळा चौथीत सुटली, पण हे वाक्य मी पाठ केलं. गावच्या मंडळींनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून इकडं आलेल्यांनो, मंडळाच्या अंकात लिही म्हणालात म्हणून लिहितोय. शुद्धलेखन तुम्ही बघा. हकिगत माझी आहे, ती कोणी बदलायची नाही.

साल नेमकं विचारू नका. ऐंशीच्या पुढचंच. मरोळला आमच्या गाववाल्यांची एक खोली होती, तिथं आम्ही सगळे पथाऱ्या टाकून राहायचो. माझ्या शेजारी धाकू. आमच्याच वाडीतला, तोंडाचा फाटका, मनाचा चांगला. मी एका बेकरीत पीठ मळायला लागलो. बेकरीच्या मालकाला सगळे चाचा म्हणायचे. भट्टीजवळ काम, पगार बेताचा. खरी कमाई होती पावाच्या लाइनीत. सायकलला मागं पावाची पेटी बांधायची, ठरलेल्या गल्ल्या, ठरलेली घरं, आणि विकलेल्या पावावर कमिशन. ज्याच्याकडं लाइन, त्याला चाळीत स्वतःची खोली परवडायची. त्याचीच बायको गावाहून यायची.

चाचांना विचारलं तर एकच उत्तर. "सायकल अपनी ला, लाइन ले ले."

सायकल कुठून आणणार? नवी घ्यायची माझी ऐपत नव्हती, आणि जुनीसुद्धा लोक नव्याच्या तोऱ्यात विकायचे. मी रविवारी तासाच्या भाड्यानं सायकल घ्यायचो आणि नुसता चालवत सुटायचो. वेड होतं मला सायकलचं. गावात चढाचे रस्ते, मांड्या त्यावर तयार झालेल्या. कोणी मागून घंटी मारली की अंगात यायचं माझ्या.

अशात थंडीच्या दिवसांत बातमी आली. मरोळच्या गावठणात जुने ख्रिस्ती लोक राहतात, आपल्याइतकंच मराठी बोलणारे. त्यांच्या सणाला तिथल्या पोरांनी सायकलची शर्यत ठेवली होती. मरोळ नाका ते कुर्ला आणि परत, अशा दोन फेऱ्या. आणि पहिलं बक्षीस काय? कोरी सायकल! मी ऐकलं आणि परातीतलं पीठ तसंच टाकून नाव द्यायला पळालो. मागून चाचा ओरडत होते, "अबे ओ गोपाल, आटा कौन देखेगा?"

नाव लिहिणाऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाला, "गिअरची सायकल चालणार नाही. हाफपँट पाहिजे, सफेद बनियन पाहिजे, बूट पाहिजेत. पायजमा-लुंगीवाल्याला लाइनीत उभा करणार नाय. मागच्या वेळी एकाची लुंगी चेनमध्ये गेली, वाट लागली होती त्याची."

भाड्याची सायकल होती, मांड्या होत्या, बनियन होतं. हाफपँट आणि बूट नव्हते. धाकू म्हणाला, "माझी चड्डी घे रे, भोकां हत ती पाठसून कोण बघता?" मी नाही म्हटलं. बेकरीतल्या एकानं त्याच्या भावाची खाकी हाफपँट आणून दिली, तीही परत केली. धाकू चिडला. "मरशील तू ह्या हट्टापायी!" मरेन. पण मागून नेसणार नाही.

अंधेरीला एका दुकानाच्या काचेत सायकलवाल्यांची खरी पँट टांगलेली होती. लाल, नायलॉनची, चकाकणारी. आत जाऊन हात लावला तर दुकानदार म्हणाला, "पहले दाम सुन लो भाऊ, फिर हाथ लगाओ." दाम ऐकला आणि हात लावून घेतलाच. नुसता बघायला काय जातं? पण त्या हातात एक गोष्ट मला कळली. कापड ताणत होतं. सोडलं की जागेवर येत होतं. म्हणजे पँट नाही, कापड शोधायचं!

आणि असं कापड कुठं मिळतं ते मला माहीत होतं. मरोळच्या कारखान्यांत मशिनी पुसायला चिंध्या लागतात. बनियन, मोजे, पोहण्याचे कपडे करणाऱ्या कंपन्यांची कात्रणं कुर्ल्याला गोणीगोणीनं वजनावर विकायला यायची. मी रविवारी तिथं जाऊन बसलो आणि गोण्या उलट्या करत सुटलो. काय सांगू, दिवाळी होती माझी! लोक सोन्याच्या दुकानात जसे बसतात तसा मी चिंध्यांत बसलो होतो. वासानं, स्पर्शानं, ताणून, चावून बघत होतो. एक काळा तुकडा मिळाला मोठा, एक गडद निळा. दोघांचा ताण सारखा. चिंधीवाला म्हणाला, "एक पाँव काला, एक नीला? सर्कस में जाएगा क्या?" म्हटलं, जिंकलो तर तुला फुकट दाखवीन. बूट तिथंच फूटपाथवर मिळाले, कॅनव्हासचे. एक पाय सातचा, एक आठचा, म्हणून स्वस्त. माझेही पाय कुठं सारखे आहेत!

शिवायला गेलो गावठणातल्या बस्त्याव मामांकडं. म्हातारा टेलर, कपाळावर चष्मा, ओसरीवर मशीन. त्यांनी माप घेतलं आणि विचारलं, "बैठकीला काय लावू?" मी म्हटलं, जाड लावा, चांगलं जाड. बेकरीतलं मैद्याच्या गोणीचं कापड आणलंय, चार घड्या करा. मामा म्हणाले, "टोचेल रे." मी म्हटलं, पँट माझी, बूड माझं. त्यांनी मुकाट्यानं शिवली.

पहिल्याच दिवशी जोगेश्वरीच्या गुंफांपर्यंत जाऊन आलो. जाताना राजा. येताना... काय लिहू? बायाबापड्या वाचतील. चार घड्यांची ती शिवण बरोबर मधोमध आलेली. मांड्या सोलून निघाल्या. खोलीत शिरलो तर धाकू लोळून हसला. "काय रे गोप्या, कुर्लेसारखो तिरको चलतंस तो?" कुर्ली म्हणजे आमच्याकडं खेकडा. खोबरेल लावून पालथा पडलो. शर्यत पुढच्या रविवारी. डोळ्यांसमोरून सायकल गेली, लाइन गेली, फणसाखाली उभी असलेली सुनंदा तिथंच उभी राहिली.

मामांकडं पँट घेऊन गेलो, तर ते हसले नाहीत. शिवण उसवता उसवता विचारलं, "तुझा बापूस शेतात काय नेसतो?"

म्हटलं, काष्टी.

"आम्ही पण तेच नेसायचो. ह्या मरोळात भात होता रे, आता कारखाने आले. दिवसभर चिखलात वाकून लावणी केली, मांडी कधी सोलली नाय. का? सांग."

मी उसवलेल्या गोणीकडं बघितलं.

"कापड एक. शिवण कुठंच नाय."

मी पँट उचलली आणि तडक खोलीवर आलो. ट्रंकेच्या तळाशी बाबांचा पंचा होता, इतके दिवस हात न लावलेला. मऊ, धुऊन धुऊन सायीसारखा झालेला. उभा फाडला. एक पट्टी कमरेला, एक पायांतून मागं. हात विसरले नव्हते. त्यावर मामांनी गोणी काढून टाकलेली पँट चढवली, काळानिळा पाय, आणि भाड्याची सायकल काढली. साकीनाका, कुर्ला, परत, पुन्हा कुर्ला. ना टोचणं, ना जळणं. वरून विमान उतरत होतं, त्याच्याकडं बघून ओरडलो, झकास!

शर्यतीला गावठण लोटलं होतं. त्यांचा हुकमी गडी आंतोन, माझ्याच वयाचा, उंच, देखणा. आणि अंगात काय? काचेतली तीच लाल पँट! मावशीनं पैसे दिले होते म्हणे. माझी पँट बघून पोरं शिट्या मारायला लागली. "ओ दोनरंगी!" आंतोननं मात्र माझ्या मांड्या बघितल्या आणि हसायचं थांबवलं.

शिटी झाली आणि सुटलो. पहिल्या फेरीत मी बराच मागं, चढाला पाच-सहा जण मागं टाकले. दुसऱ्या फेरीत कुर्ल्याहून वळलो तेव्हा पुढं फक्त आंतोन. आणि बघतो तर काय, गडी सीटवर बसतच नाही! उभ्यानंच पेडल मारतोय. बसायला जातो, आणि टेकल्या टेकल्या उसळतो. मला लगेच कळलं. लाल पँटीलाही मधोमध शिवण होती तर! मी आरामात बसून दाबत होतो, चाकाला चाक लागायला आलं. नाक्यावर बस्त्याव मामा टोपी फिरवत ओरडत होते, "मार गोपाळ, मार!" स्वतःच्या गावच्या पोराला सोडून मला! मी जीव तोडून मारली.

आणि आंतोन एका चाकानं पुढं राहिला. मानलं त्याला. सोललेल्या मांड्यांनी उभ्यानं जिंकला.

दुसरं बक्षीस थर्मास. नव्या सायकलला पताका बांधल्या होत्या, मी तिकडं बघतच नव्हतो. देवळासमोर खुर्च्या मांडलेल्या, चर्चला ते लोक देऊळच म्हणतात. मी बसलो. पाहुणे आंतोनला म्हणाले, बसा ना. तो म्हणाला, "मी बरा आहे असाच." परत म्हणाले, बसा. परत तेच. सगळी पोरं फिसकन हसली. शेवटी तो वाकून माझ्या कानाशी आला.

"यार, आत काय लावलंयस?"

मी कमरेचं जरा खाली करून पट्टी दाखवली. त्यानं कपाळाला हात लावला. "अरे, ही तर आमच्या पप्पाची लंगोटी!" मग म्हणाला, "मला नवी मिळाली, माझी जुनी सायकल तू घेऊन जा. घरात पडून राहील."

सायकल तर मला हवीच होती. पण तोंडातून काय निघालं? "फुकट नको."

"मग कशी पाहिजे?"

"तुला आणि तुझ्या भावांना पँटी करून देतो. बसता येतील अशा. पटलं तर सायकल दे."

हसत हात पुढं केला त्यानं. कुर्ल्याची कात्रणं मी निवडली, मामांनी शिवल्या. मधे शिवण नाही, पंचाच्या मऊ कापडाचा एक अखंड तुकडा पुढून मागं, आणि शिवणी सगळ्या बाजूला. आंतोनची जुनी सायकल घेऊन बेकरीसमोर उभा राहिलो, तर चाचांनी तिची घंटी स्वतः वाजवून बघितली आणि पेटी बांधली. लाइन मिळाली. मग चाळीत खोली घेतली आणि गावाला कळवलं, सुनंदाला धाडा.

आता मी बोरिवलीला मुलाकडं असतो. नातू रविवारी सायकलवाल्यांच्या घोळक्यात जातो. त्याच्या पँटीची किंमत ऐकून मी चहा सांडला. हात घालून बघितलं. मधे मऊ पट्टी, शिवणी बाजूला. म्हटलं, बाळा, ही आमची काष्टीच आहे, फक्त इंग्रजी शाळेत गेलेली. तो म्हणतो, आजोबा, काहीतरीच. काहीतरीच काय? सुनंदा आणि बस्त्याव मामा मिळून पुढं कितीतरी वर्षं तशाच पँटी शिवत होते, अर्ध्या मरोळच्या पोरांनी त्या झिजवल्या. त्याला म्हणावं, विचार तुझ्या आजीला.

पण मला सांगायचं होतं ते सुनंदा आली त्या दिवसाचं.

बाबा स्वतः तिला घेऊन आले. कुर्ल्याच्या एसटी डेपोत मी उभा होतो. आधी सुनंदा उतरली, तांदळाची पिशवी छातीशी धरून. तिच्या मागं कोण म्हातारा उतरतोय, मला कळेना. राखाडी फुलपँट. कमरेला सुंभ आवळलेला, खाली दोन-दोन दुमडी, चालताना पाय फाकलेले. बाबा!

"बाबा, पँट कोणाची?"

"मास्तराची."

"तुमी मागान नेसलात?"

बाबांनी इकडंतिकडं बघितलं. हळूच म्हणाले, "शहर हां ह्यां. माझ्यापायी तुजी लाज जाव नये म्हणान..."

उभ्या डेपोत, माणसांच्या गर्दीत, मी माझ्या पँटीची कड खाली केली आणि आतली काष्टी त्यांना दाखवली. सुनंदानं तोंडात पदर कोंबला. बाबा बघतच राहिले. त्यांच्याच पंचाची किनार होती ती, ओळखली त्यांनी.

"मगे मी ह्यां घालून रातभर कित्याक बसलंय रे?"

खोलीवर पोचलो. सुनंदा स्टोव्ह शोधत होती, मी पाणी काढत होतो. मागं वळून बघितलं तर मास्तरांची पँट घडी घालून खुंटीवर, आणि बाबा काष्टीवर दारात मांडी घालून बसलेले, आल्यागेल्याला "खयचे तुमी?" विचारत.

मला लोक विचारतात, घर म्हणजे तुमचं कुठलं, गावचं की मुंबईचं? मी वाद घालत नाही. बाबांनी ती पँट ज्या दारात उतरवली, ते माझं घर.